विहीणबाईंचं स्पेन

स्पेन पाहायला मी जर्मनीला गेलो होतो, असं सांगितलं की लोक माझ्याकडे भूगोलात नापास झालेल्या मुलाकडे पाहावं तसे पाहतात. मी वसईच्या शाळेत जन्मभर इतिहास-भूगोलच शिकवला, त्यामुळे हे पाहणं मला जरा जास्तच लागतं. पण गोष्ट खरी आहे. स्पेनच्या भूमीवर मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. मी पाहिलेलं स्पेन श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेन नावाच्या गावात, दुसऱ्या मजल्यावर राहतं आणि पाळी आली की जिना पुसतं.

आमची मुक्ता तिथे इंजिनियर आहे. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तिने फोनवर आन्द्रेसचं नाव सांगितलं. मुलगा जन्माने श्टुटगार्टचा, आईवडील स्पेनचे. साठच्या दशकात जर्मनीला कामगार हवे होते, तेव्हा गावं सोडून जे लोक आले, त्यांतले. सुधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "बरं झालं, निदान घराला घरपण असलेली माणसं दिसतायत." मी गप्प बसलो. गप्प बसायला कारण इतिहास होता.

वसई पोर्तुगीजांची होती हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पोर्तुगालचा तरणाताठा राजा मोरोक्कोत लढाईत पडला, मागे मूलबाळ नव्हतं, आणि फिरून फिरून गादी गेली ती त्याच्या मामाकडे. मामा स्पेनचा राजा. मामाच्या घरी भाचे जातात. इथे भाच्याचं घरच मामाकडे गेलं. त्यात आमची वसईही गेली. पुढची साठ वर्षं माझ्या गावाचा धनी स्पेनमध्ये बसलेला होता. त्याने वसई कधी पाहिली नाही, आमची वाळवलेली केळी, ती सुकेळी, कधी चाखली नाहीत. त्याच्या नावाने इथे कर मात्र गोळा होत होता आणि माणसांचे धर्म बदलले जात होते. माझ्या आळीत निम्मी घरं ख्रिस्ती. मराठी बोलणारी, लग्नात हळदीची गाणी म्हणणारी, नाताळात आमच्याकडे ताट पाठवणारी. त्यांच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं. पण शेजार वेगळा आणि सोयरीक वेगळी, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

तर मी एकच प्रश्न बरोबर घेऊन निघालो. या लग्नासाठी माझ्या मुलीला धर्म बदलावा लागणार का?

गेर्लिंगेन

"आम्ही श्टांडेसआम्टमध्ये लग्न करणार, बाबा. सरकारी कचेरीत. सही करायची, विषय संपला," मुक्ताने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं.

"आणि त्याच्या आईचं काय म्हणणं?"

"पिलारना चर्च हवंय. त्या बोलत नाहीत, पण हवंय. आणि चर्च म्हटलं की मग पुढे काय काय म्हणतील, मला नाही माहीत. तुम्ही मोठी माणसं बोला. फक्त, बाबा, प्लीज, त्यांची एक्झाम घेऊ नका."

गाव टुमदार होतं. खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, टेकडीवर झाडी, आणि रस्त्यावर इतकी शांतता की आपली चप्पल वाजली तरी संकोच व्हावा. फुटबॉलचा विश्वचषक नुकताच संपला होता, काही सज्जांवर झेंडे अजून होते. त्या भागात एक रीत आहे: बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला पाटी लटकते. सुधाला ही रीत फार आवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुक्ताच्या दारासमोर बरोबर आणलेल्या रांगोळीने छोटंसं कमळ काढलं. तासाभराने मी दार उघडलं तर फरशी लख्ख. शेजारच्या आजीबाई बादली घेऊन उभ्या होत्या. मुक्ताशी हसून काहीतरी बोलल्या.

"त्या म्हणतात, कुणाच्या तरी पिशवीतून पावडर सांडली होती, पण काळजी करू नका, मी पुसून टाकली."

सुधा हसली. मला मात्र हसू आलं नाही. आपण प्रेमाने काढावं आणि समोरच्याने कर्तव्य म्हणून पुसावं, हा शकुन मला काही बरा वाटला नाही.

दुसरा मजला

त्याच गावात आन्द्रेसच्या आईवडिलांकडे, मानुएल आणि पिलार यांच्याकडे, जेवायला बोलावणं होतं आणि त्या दिवशी नेमकी संकष्टी. मुक्ताने आधीच कळवलं होतं की आईचा उपास आहे. पिलारनी विचारलं, उपासाला काय चालतं? मुक्ताने सांगितलं: बटाटा, रताळं, शेंगदाणे, दूध, फळं, लाल तिखट. त्यावर त्या फोनवर इतक्या हसल्या म्हणे, की मुक्ताला फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यांच्या गावात याला उपास नाही, जत्रा म्हणतात.

मानुएल बुटका, रुंद, मिशी पांढरी. कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेला. जर्मन बोलायचा ती तिथल्या गावरान वळणाची, दर दोन शब्दांमागे "आल्झो", म्हणजे आपलं "तर". पिलार उंच, कमी बोलणाऱ्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी ऑलिव्हच्या तेलात तळलेले बटाटे केले होते आणि वर एका चपट्या डब्यातलं लाल तिखट भुरभुरलं होतं. पिमेंतोन. मिरच्या ओकच्या धुरावर वाळवून केलेलं. खोलीभर त्याचा चुलीसारखा वास पसरला. त्यांच्या गावाकडची ती खासियत, दर वर्षी भाऊ डबा पाठवतो.

सुधाने राजगिऱ्याचे लाडू नेले होते. आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी सांगायला सुरुवात केली. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, हे सगळं अमेरिकेतलं. स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांतून जगभर गेलं. म्हणजे आमचे गणपती आणि विठ्ठल ज्या फराळावर प्रसन्न होतात, तो जवळजवळ अख्खा तुमच्या दर्यावर्दींनी पोचवलेला. आणि हा राजगिरा! मेक्सिकोतले लोक त्याच्या पिठाच्या मूर्ती करून पूजत, म्हणून तुमच्या लोकांनी तिथे त्याच्यावर बंदी आणली. तिथे पाप म्हणून उपटलेलं धान्य आमच्याकडे पुण्य म्हणून खातात.

मुक्ता भाषांतर करता करता माझ्याकडे डोळे वटारत होती. मानुएलच्या तोंडात लाडू होता. तो गिळून म्हणाला, "आल्झो, मी नव्हतो. मी तेव्हा शिफ्टला होतो."

सगळे हसले. प्रश्न विचारायची हीच वेळ होती. मी पाण्याचा पेला उचलला, पाणी प्यायलो आणि पेला खाली ठेवला. विचारलं नाही.

निघताना सुधा उठली. पर्समधून हळदीकुंकवाचा करंडा काढला, पिशवीतून नारळ, तांदूळ, सुपारी आणि हिरवा खण. पिलारना मुक्ताने समजावून ठेवलं होतं. त्यांनी कपाळ पुढे केलं. पदर नव्हता म्हणून एप्रन पसरला. सुधाने ओटी भरली. कुंकू पाहून मानुएलने वाकून वास घेतला. "पिमेंतोन?"

इथवर सगळं ठीक होतं. पण बाजूला एका कपाटावर लाकडाची वीतभर मूर्ती होती. मेरीमाता, मांडीवर बाळ. अंगावर विटलेल्या कापडाचा झगा. आणि चेहरा काळा. आमच्या वसईत मेरी गोरी असते. ही तुळजापूरच्या देवीसारखी सावळी. सुधाने तिच्याकडे पाहिलं. मग कुणी काही म्हणायच्या आत दोन पावलं पुढे गेली, तिच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, दुसरा खण पायाशी ठेवला, त्यावर मूठभर तांदूळ वाहिले आणि हात जोडले. खण ती नेहमी दोन घेऊन निघते, एक मानाचा आणि एक वेळप्रसंगाला.

मानुएलचं तोंड उघडं ते उघडंच. पिलारचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्या काहीतरी पुटपुटल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"ममा दमलीय," आन्द्रेस म्हणाला. त्याचा स्वर काही खरा वाटला नाही.

घरी येईपर्यंत मी तोंड दाबून धरलं. मग मात्र सुटलोच. "अगं, या लोकांच्या राज्यात याहून कमी कारणासाठी माणसं जाळलीत! त्यांच्या देवीला तू कुंकू फासून आलीस? वसईत शेजारी इतकी वर्षं मेरीमाता आहे, तिला कधी लावलंस?"

"तिथे कोण माझी विहीण होती?" सुधा म्हणाली. मग खुर्चीवर बसली आणि तिचा आवाज खाली आला. "पण चूक माझीच झाली हो. घरात देवी असताना आधी विहिणीची ओटी भरली. आधी तिची भरायला हवी होती. त्याच रागावल्या असतील."

मी कपाळाला हात लावला. मुक्ता खिडकीशी पाठ करून उभी होती. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

रेगेन्सबुर्ग

रेगेन्सबुर्गची सहल आधीच ठरली होती. मी हट्टच धरला होता. तिथे स्पेनच्या इतिहासातलं माझं एक आवडतं प्रकरण आहे. मानुएल ठरल्या वेळी गाडी घेऊन आला. आन्द्रेस होता, पिलार नव्हत्या.

"डोकं दुखतंय तिचं," मानुएल म्हणाला, आणि आरशात पाहू लागला.

डॅन्यूबच्या काठी जुन्या दगडी पुलाशी एक सॉसेजचं दुकान आहे, तिथे धुराने डोळे चुरचुरतात. मंडळी सॉसेजवर तुटून पडली. आम्हा दोघांना आंबवलेली कोबी आणि पाव. कोबी आंबट, आणि तिखटाचा पत्ता नाही. सुधाने पर्समधून लसणाच्या चटणीची पुडी काढली. मानुएलने चटणी पावाला लावून पाहिली आणि पुडी आपल्याकडे ओढून घेतली. एरवी मी यावर खूश झालो असतो.

जवळच एका चौकात एका सेनापतीचा पुतळा आहे. पाय एका छाटलेल्या मुंडक्यावर. मी पुतळ्यासमोर उभा राहिलो आणि, सवय वाईट, तास घेतला.

हा सेनापती राजपुत्र, पण चोरीछुपे जन्मलेला. बाप चार्ल्स पाचवा. हा चार्ल्स स्पेनपासून दूर फ्लँडर्समध्ये वाढला, स्पेनच्या गादीवर बसला तेव्हा त्याला स्पॅनिश धड येत नव्हतं, आणि शिवाय जर्मनीचाही सम्राट झाला. अमेरिकेतून चांदीची जहाजं स्पेनला लागायची आणि ती चांदी जर्मनीतल्या लढायांत आणि जर्मन सावकारांच्या पेट्यांत जायची. स्पेनचा शेतकरी होता तिथेच राहिला.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मानुएल म्हणाला. "म्हणून तर मी आलो. म्हटलं, आपली चांदी कुठे गेली बघू. इतकी वर्षं शोधतोय."

म्हातारपणी राजाला राज्याचा वीट आला. सगळं सोडून तो स्पेनमधल्या एका मठात जाऊन राहिला. जाताना बियर करणारा माणूस मात्र जर्मनीकडचा बरोबर नेला. हा मठ मानुएलच्या गावापासून जवळच. म्हणजे जगाचा राजा जर्मनी सोडून ज्या रानात मरायला गेला, त्याच रानातून मानुएल जर्मनीला जगायला आला.

"आणि हा मुलगा?" सुधाने पुतळ्याकडे बोट केलं.

मी सांगितलं. सम्राट इथे मुक्कामाला असताना गावातली बार्बरा नावाची एक मुलगी त्याच्या नजरेत भरली. मूल झालं. ते लहानपणीच आईपासून काढून स्पेनला नेलं, एका खेड्यात वाढवलं. आपला बाप कोण हे त्याला बाप मेल्यावर कळलं. पुढे मोठा सेनापती झाला.

"आणि आईचं काय झालं?"

"तिचं लग्न लावून दिलं कुणाशीतरी."

"मुलगा पुन्हा भेटला तिला?"

"मोठेपणी एकदा, असं म्हणतात. मग त्यानेच तिला स्पेनला पाठवून दिलं."

सुधा मुक्ताकडे पाहत होती. मुक्ता आन्द्रेसच्या खांद्याला टेकून पुतळ्याचा फोटो काढत होती. मला ते मुंडकं, तो राजा, त्या लढाया, सगळं एकदम परकं वाटलं. या प्रकरणात आईचं काय झालं, हा प्रश्न माझ्या वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

दगडी पुलावर मी आन्द्रेसला गाठलं. मुक्ताला तिच्याच लग्नाचं भाषांतर कसं करायला लावणार? इंग्रजीतून म्हटलं, "तुझ्या वडिलांना विचार. माझ्या मुलीला धर्म बदलावा लागेल का?"

आन्द्रेसचे कान लाल झाले. त्याने बापाला स्पॅनिशमध्ये विचारलं. मानुएल कठड्याला टेकला. मग एकेक वाक्य बोलला आणि आन्द्रेसने एकेक सांगितलं.

"पापा म्हणतात, हा प्रश्न ते तुम्हाला विचारणार होते. लग्नासाठी मला तुमच्याकडे काय काय व्हावं लागेल, हिंदू की आणखी काही. ते घाबरत होते, कारण तुम्ही शिक्षक आहात." आन्द्रेसने बापाचं पुढचं वाक्य ऐकून घेतलं. "आणि म्हणतात, आमच्या घरात देवाचं खातं ममाकडे. तुम्ही गेल्यापासून ती कुणाशी बोललेली नाही. खोलीचं दार लावून बसते. पापांनाही आत घेत नाही."

मी पाण्याकडे पाहू लागलो. डॅन्यूब तिथे बरीच जोरात वाहते. मानुएलने माझ्या पाठीवर हात ठेवला.

पुन्हा दुसरा मजला

निघायच्या आदल्या दिवशी पिलारचा निरोप आला: कॉफीला या. जिना चढताना मी मनाशी इंग्रजी वाक्यं जुळवत होतो, माफीचीही आणि नकाराचीही. पाहुण्यांच्या हातून चुकून लावलं गेलं, असं काहीतरी म्हणायचं, आणि मुलीच्या बाबतीत मात्र हटायचं नाही. सुधाने पोळीसारखा चेहरा सपाट ठेवला होता. तिला भीती वाटली की ती असा ठेवते.

दार पिलारनीच उघडलं. त्यांनी सुधाचा हात धरला आणि कॉफी वगैरे राहिली बाजूला, सरळ कपाटापाशी नेलं.

देवीच्या अंगावरचा विटका झगा गेला होता. खांद्यांवरून पायांपर्यंत हिरवा खण. नुसता गुंडाळलेला नव्हता, नीट बेतून शिवलेला, काठ पुढून दोन्ही बाजूंनी खाली सोडलेला, गळ्याशी बारीक चुण्या. बाळालाही उरलेल्या तुकड्याचं अंगडं.

पिलार बोलू लागल्या आणि मुक्ता सांगू लागली. त्यांच्या गावात देवळातल्या मूर्तीचे कपडे बदलायचा मान काही बायकांचा असतो. त्या वेळी पुरुषांना बाहेर काढतात. हा मान त्यांच्या आईकडे होता. पिलार जर्मनीला निघाल्या तेव्हा आईने ही छोटी मूर्ती दिली आणि अंगावरचा झगा स्वतः शिवून घातला.

"इथे आल्यापासून हिला कुणी कापड दिलं नाही, म्हणतात. कुणाला सुचलंच नाही. मलासुद्धा. आणि तुझी आई पहिल्यांदा घरी आली, आणि..." मुक्ताने मूर्तीच्या नव्या झग्याकडे बोट केलं. "आणि त्या आत जाऊन रडल्या, बाबा. मग दार लावून शिवत बसल्या. पुरुषांना आत घ्यायचं नसतं म्हणून."

म्हणजे डोकेदुखी ती हीच. मानुएलने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. त्यालाही आजच कळलं होतं.

सुधा मूर्तीजवळ वाकली. कपाळावर लाल टिळा होता, गोल, ओलसर, ताजा. पण ती वाकली तशीच थांबली. हुंगून पाहिलं. मलाही तो वास आला, धुरकट, चुलीसारखा.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तिखट आहे हे."

पिलार लाजल्या. नवा झगा डोक्यावरून घालताना सुधाने लावलेलं कुंकू पुसलं गेलं. उघडं कपाळ त्यांना बघवेना. त्यांच्याकडे कुंकू कुठलं? म्हणून गावाकडच्या डब्यातलं लाल तेलात कालवून लावलं. रोज सकाळी लावतात. विचारत होत्या, चालतं का?

सुधाचे डोळे भरून वाहू लागले. तिने पर्समधून करंडा काढला आणि पिलारच्या हातात ठेवून वरून आपली मूठ मिटली.

मी घसा साफ केला. मास्तरकी जात नाही. इतक्या लांबून आणलेला प्रश्न न विचारता परत कसा न्यायचा? "मुक्ता, यांना विचार, चर्चचं..."

"अहो, आता काय विचारताय?" सुधा म्हणाली.

पण मुक्ताने विचारलं. पहिल्यांदाच तिने स्वतः विचारलं, माझ्याकडे न बघता. पिलारनी ऐकलं, मूर्तीकडे पाहिलं, करंड्याकडे पाहिलं आणि उत्तर दिलं. मुक्ताने ते मराठीत सांगितलं.

"म्हणतात, आधी वाटत होतं चर्चमध्ये व्हावं, मुक्ताने आमच्यातलं व्हावं. पण ती बदलली तर हे लाल लावायचं मला कोण शिकवणार?"

पिलारनी करंडा कपाटावर देवीच्या उजव्या हाताला ठेवला. डाव्या हाताला पिमेंतोनचा डबा होताच. तो त्यांनी उचलला नाही.